मार्थाताईंच्या वाटणीचा गोरिला

आमच्या अख्ख्या माण तालुक्यात जिवंत गोरिला समोरासमोर बघितलेला माणूस कोण, तर मी, बबन. बघायला गेल्या होत्या मार्थाताई, मी नुसता त्यांची बॅग उचलायला होतो.

गावाकडं मी हे दुसरं वाक्य सांगत नाही. गावाकडं मी एकटाच जातो, वाटेत एक सिंहसुद्धा लागतो. त्या जंगलात सिंह नसतातच हे मला मागनं कळलं, तोपर्यंत माझा सिंह पाराभोवती दोन चकरा मारून आला होता.

तर मार्थाताई. सिस्टर मार्था भालेराव. मूळ नगर जिल्ह्यातल्या, मिरजेला नर्सिंग शिकलेल्या, आणि कुवेतच्या एका मोठ्या हॉस्पिटलात आयसीयूच्या इन्चार्ज. उंचीनं कमी, आवाजानं जास्त. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "तेव्हा ड्यूटी लागली होती, मग राहूनच गेलं." मी त्यांच्या बसचा ड्रायव्हर. सबाह अल-सालेममधल्या ज्या बिल्डिंगीत नर्सा राहायच्या तिथनं त्यांना उचलायचं, हॉस्पिटलला सोडायचं, सुटलेल्यांना परत आणायचं. एवढंच काम. तेही मला पहिल्या दिवशी जमलं नाही.

मी चौथीत दोनदा बसलोय, दोन्ही वेळा खिडकीपाशी. त्यामुळं इंग्रजी बोर्ड काय आणि अरबी बोर्ड काय, मला सगळी नक्षीच. पहिल्या दिवशी शहराकडं जायचं सोडून मी उलटा दक्षिणेला लागलो. बसमध्ये सकाळच्या ड्यूटीच्या बायका, केरळच्या, फिलिपिन्सच्या, निम्म्या पेंगत होत्या. एकदम समोर धुराडी आली. टाक्या, पाइप, आणि नाकात शिरणारा वास. शुऐबाच्या कारखान्यांच्या गेटावर आणून उभं केलं होतं मी सगळ्यांना. माझ्या तोंडातनं एक अस्सल माणदेशी शिवी गेली. त्यावरनं मागं कुणाला तरी कळलं की हा आपल्यातला. मागनं मराठीत आवाज आला, "ड्रायव्हर, हितं कुणाला सलाइन लावायचंय?"

दुसऱ्या दिवसापासून ताई बरोबर माझ्या मागच्या सीटवर. डावीकडं वळायचं तर डाव्या खांद्यावर बोट, उजवीकडं तर उजव्या. बैल हाकावा तसं. पुढं मला रस्ते पाठ झाले तरी बोट चालूच. मी म्हणलं, "ताई, आता येतंय मला."

"तुला येतंय रे. माझ्या बोटाला सवय झालीय."

वॉर्डात नवीन पोरी आल्या की घरच्या आठवणीनं मुसमुसायच्या. ताईंचा नियम होता, रडायचं तर लिफ्टमध्ये. तळापासून वर जाईपर्यंत काय रडायचं ते रडून घ्या. दार उघडलं की पेशंटला तुमचं तोंड दिसतं, आणि तो तुमच्या तोंडावर स्वतःची तब्येत वाचतो. एकदा मी खोकी घेऊन वर चाललो होतो, लिफ्टमध्ये ताई आणि मी दोघंच, आणि लिफ्ट मधीच अडकली. दिवा गेला, पंखा बंद. मी ताबडतोब रडायला सुरुवात केली. खोटं कशाला सांगू, आईच्या नावानं. ताई अंधारात म्हणाल्या, "सावकाश रड. बराच वेळ आहे, सगळं आत्ताच संपवू नकोस." आणि खोक्यावर बसून त्यांनी चक्क डुलकी काढली. मेकॅनिकनं दार उघडलं तेव्हा त्या ताज्यातवान्या आणि माझी नजर खाली.

पण ताईंची खरी जागा म्हणजे आयसीयूचं दार. भेटायच्या वेळेला त्या दारात उभ्या राहायच्या आणि एकेकाला नुसतं ऐकायच्या. कुणी घसा खाकरला की हात आडवा. एकदा एका बड्या घरचा म्हातारा आत होता. गावजेवणाला यावेत तसे नातेवाईक आलेले. सगळ्यात पुढं थोरला मुलगा, पांढरा शुभ्र पायघोळ अंगरखा, अत्तराचा घमघमाट, आणि हातात रुमाल. ताईंनी रुमाल बघितला. म्हणाल्या, "इंता मरीद. बैत." म्हणजे तू आजारी आहेस, घर गाठ. ताईंचं अरबी तेवढंच होतं, पण ते त्या आख्ख्या कुवेतला पुरवायच्या. तो चिडला. मी कोण आहे माहीत आहे का, म्हणाला. ताई म्हणाल्या, "शिंकणारा." हे मराठीतच म्हणाल्या, पण शिंकून दाखवलं, त्यामुळं पोचलं. वरचे साहेब धावत आले, ताईंच्या कानाला लागले, सोडा सिस्टर, मोठी माणसं आहेत. ताई दारातनं हलल्या नाहीत. "आत पडलाय त्याला माहीत नाही हा मोठा आहे ते. त्याच्या फुप्फुसाला तर मुळीच नाही."

त्या मुलानं बापाला काचेतनं बघितलं आणि गेला. मी खाली बसमध्ये ऐकलं आणि म्हणलं, आता सिस्टरचं तिकीट कटतंय. चार दिवसांनी त्या मुलाकडनं खजुराचा एवढा मोठा डबा आला. ताईंनी तो वॉर्डात वाटला आणि मला रिकामा डबा दिला, डिझेलचे फडके ठेवायला.

आता यात गोरिला कुठनं आला? गोरिला आला करोनात. बाहेर कर्फ्यू. नर्सांना ड्यूटीवरनं खोली, खोलीतनं ड्यूटी, मधी फक्त माझी बस. ताईंच्या खोलीला एक खिडकी होती, तिला धूळ येते म्हणून चिकटपट्ट्या लावलेल्या, आणि पलीकडं शेजारच्या बिल्डिंगीचे एसीचे डबे. उघडली तरी काय दिसणार? खोलीत एक टीव्ही. त्यावर जनावरांचे कार्यक्रम लागायचे, अरबीत. एक दिवस बसमध्ये बसल्यावर ताईंनी खांद्यावर बोट ठेवलं, वळण नसताना.

"बबन्या, काल मी एक गोरिला बघितली. बाई होती. पाऊस पडत होता, पोरगं डोक्यावर चढलं होतं, आणि ती नुसती बसली होती."

"मग?"

"मग काही नाही. बसली होती. तिला कुणी हाक मारत नव्हतं. बेल नाही, मशीन नाही, सिस्टर सिस्टर नाही. एवढी बसलेली बाई मी जन्मात बघितली नाही रे." थोडं अंतर गेल्यावर म्हणाल्या, "मला तिच्यासमोर जाऊन बसायचंय. एकदा."

मला वाटलं दमल्यात, बोलतात. त्या दिवसांत सगळेच काहीबाही बोलायचे. मीसुद्धा देवाला बोकड कबूल केला होता, अजून दिला नाही. पण ताई विसरल्या नाहीत. खोलीत गोरिलाचा फोटो लागला. मग आफ्रिकेचा नकाशा लागला. काँगो नावाचे देश दोन आहेत हे मला ताईंनी सांगितलं. मला एकही माहीत नव्हता, त्यामुळं दोन झाले तरी फरक पडला नाही.

मग ताईंचं वय भरलं. कॉन्ट्रॅक्ट पुढं वाढणार नाही, असं कळलं. नगरला भावाचं घर, त्यावर ताईंनी बांधलेली वरची खोली. वहिनीचा फोन आला तेव्हा ताई बसमध्येच होत्या, आणि वहिनीचा आवाज असा की मधल्या सीटला पण ऐकू जावा. "माझ्या आईला वरच ठेवलंय बघा, तुमच्या खोलीत. हलता येत नाही तिला. तुम्ही येणार म्हणून आम्ही सांभाळायची बाई काढूनच टाकली."

ताईंनी फोन पर्समध्ये ठेवला. बस सिग्नलला उभी होती. बाहेर उन्हानं रस्ता पाण्यासारखा हलत होता. "बघ," म्हणाल्या, "माझी बेडशीट बदलायच्या आत पेशंट झोपवला. हितला वॉर्ड सुटला की तिथला वॉर्ड. मधी एक फट आहे माझ्या सुट्टीची. त्या फटीत काय ते बघून घ्यायचं."

बरोबर सिस्टर लिसी जायच्या होत्या, केरळच्या. त्यांची रजा मंजूर झाली नाही. ताईंचे गुडघे गेलेले, एकटीला सामान घेऊन जंगलात जाणं होणार नव्हतं. मला म्हणाल्या, "तुझी सुट्टी साचलीय ना? चल. बॅग तू उचल, बाकी मी बघते." मी बायकोला फोन केला. म्हणलं, एका परक्या बाईबरोबर आफ्रिकेला चाललोय. ती म्हणाली, "मार्थाताईच ना? मग जावा. त्या आहेत म्हणजे तुम्ही हरवणार नाही." सुट्टीवर देशाबाहेर जायचं तर कंपनीची परवानगी लागते. ती काढून देणारा कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कागदं करणारा माणूस, मिसरी होता, इजिप्तचा. त्यानं विचारलं, आफ्रिकेत कशाला? मी म्हणलं, गोरिला बघायला. त्यानं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाला, "घरी आरसा नाही का?"

जायच्या आधी ताईंनी स्वतःला सोवळ्यात घातलं. गोरिलाला माणसाची सर्दी लागते म्हणे, आणि झेपत नाही. आपलं दोन दिवस नाक गळतं, तिथं घरचं घर मरतं. त्यामुळं ताईंना कुणी शिवायचं नाही. मराठी मंडळानं खैरानला समुद्रावर एक शॅले, म्हणजे सुट्टीचं घर, भाड्यानं घेऊन ताईंचा निरोपाचा कार्यक्रम केला. बँकेतली, कॉम्प्युटरातली सगळी कुटुंबं आली. ताई पार टोकाला, वाऱ्यावर, मास्क लावून खुर्चीत. लोक लांबनं नमस्कार करत होते, शाल टेबलावर ठेवून मागं सरकत होते. एका पोरानं आईला विचारलं, "मम्मा, इज आंटी सिक?" आई म्हणाली, "नाही रे, आंटीला गोरिलाकडं जायचंय." पोराला ते बरोबर वाटलं. मला रोज सकाळ-संध्याकाळ वाफ घ्यायची सक्ती होती. मी इतक्या भक्तीनं घेतली की नाकाच्या शेंड्याचं सालटं गेलं, आणि पासपोर्टवाला माझा फोटो बघून दोनदा खात्री करत होता.

आणि एवढं करून काय झालं बघा.

अदिसला विमान बदलून काँगोला निघालो, त्या विमानात आमच्या शेजारी एक बाई होती, मांडीवर एक पोर, बाजूला एक. दोन्ही रडत होती. आईचा जीव मेटाकुटीला आलेला, डोळे उघडत नव्हते. ताईंनी आधी खिडकीबाहेर बघितलं. मग डोळे मिटले. मग पुस्तक काढलं. मला वाटलं, जमतंय. तेवढ्यात ताईंचे हात आपोआप पुढं गेले आणि धाकटं त्यांच्या मांडीवर आलं.

मी म्हणलं, "ताई, नका घेऊ. त्याचं नाक बघा."

"दिसतंय मला."

"मग?"

"मग काय? आई पडेल ती सीटवरनं." पोर त्यांच्या गळ्यात शिरलं, मास्क ओढून खाली केला, आणि तोंडावरच शिंकलं. ताईंनी त्याचं नाक पुसलं आणि उतरेपर्यंत त्याला थोपटलं. आई झोपली ती झोपलीच.

पुढं लहान विमान, मग जीप, मग लाकडाची होडी. कुवेतमधनं तिथं गेलं की माणसाचं डोकं फिरतं. इथं चारी बाजूंनी काहीच नाही, तिथं चारी बाजूंनी झाडच. आभाळ दिसायला मान मोडावी लागते, आणि मोडली तरी दिसत नाही. मला आधी हायसं वाटलं, सावली म्हणून. संध्याकाळपर्यंत मला गुदमरायला लागलं. हवा अशी की प्यावी लागते. राखीव जंगलाचा तळ म्हणजे नदीकाठी खांबांवर उभ्या केलेल्या लाकडाच्या खोल्या. वाटाड्या पास्कल नावाचा, तिथलाच, बारीक, गमबूट घातलेला. मोजकं इंग्रजी बोलायचा. त्यानं पहिली गोष्ट सांगितली, खोलीतनं उतरताना खाली बघा, हत्ती असेल तर थांबा.

मला वाटलं पाहुण्यांना सांगायची गंमत. अजून उजेड होता, मी संडासला गेलो. संडास जरा लांब, तट्ट्याचा. बसलो, आणि तट्ट्याला बाहेरनं कुणीतरी अंग घासलं. फटीतनं बघितलं तर एक डोळा. डोळ्याला पापण्या केवढ्या! मी ओरडलो तो आवाज माझा मला नवीन होता. तळावर पळापळ. पास्कल म्हणाला असेल गप्प राहा, पण मला काय कळणार? तेवढ्यात ताई आपल्या खोलीच्या दारातनं गरजल्या, "बबन्या! हलू नको! ओरडू नको! आहेस तिथंच बस!"

"ताई, दुसरं काय करणार?"

"आणि श्वास घे! लांब श्वास..." आणि पुढचं वाक्य खोकल्यात गेलं.

हत्ती फळं खाऊन आपल्या वेळेनं निघून गेला. सगळे माझ्यावर हसत होते. ताई हसत नव्हत्या. त्या गळ्यावर हात ठेवून उभ्या होत्या, जसं दुसऱ्याचा गळा तपासतात तसं.

आम्हाला गोरिलांसमोर एकदाच जायला मिळणार होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, एक तास. तेवढ्यासाठी सगळं. सकाळी ताई तयार होऊन खाली आल्या, पायघोळ पँट पायमोज्यात खोचलेली, कपाळावर पट्टी. खोकला नव्हता. गोळी चघळत होत्या. पास्कलनं मास्क वाटले आणि नेहमीचं विचारलं, ताप, सर्दी, खोकला कुणाला? असं विचारलं की जसं आपण विचारतो, जेवण झालं का.

मी ताईंच्या मागं उभा होतो. हळूच म्हणलं, "ताई, बोलू नका. मास्क आहे. लांबनंच बघायचंय."

ताई बराच वेळ मास्कच्या दोऱ्या सरळ करत राहिल्या. पास्कल पुढं चालायला लागला होता. कुणालाही कळलं नसतं. देवाशप्पथ कुणालाही कळलं नसतं.

"मला खोकला आहे," ताई इंग्रजीत म्हणाल्या. "कालपासून."

पास्कल थांबला. त्याचं तोंड उतरलं. सॉरी मॅडम, म्हणाला. ताईंनी मान हलवली, जणू त्यानं उत्तर बरोबर दिलं होतं.

मी म्हणलं, "मग मी पण नाही जात."

"तू का नाही जात? तुला काय झालंय?"

"तुमच्यासाठी आलोय ना मी."

"माझ्यासाठीच जा मग. बैलासारखा ठणठणीत आहेस. नीट बघ आणि येऊन सगळं सांग. विनोद करायचे नाहीत." आणि पायऱ्या चढून गेल्या, एक एक, कठड्याला धरून. दार लावलं.

मी गेलो. कसा गेलो ते विचारू नका. चिखलात एकदा उपडा, एकदा उताणा. मुंग्या पँटीत. कमरेएवढं काळं पाणी. पास्कल पुढं हातानं फांद्या मोडत चाललेला, आणि मी मागं देवांची नावं घेत; हिंदूंची संपली, मग ताईंच्या येशूलाही घातलं मधी. एकदम पास्कलनं माझ्या खांद्यावर हात दाबला आणि मला बसवलं. ओल्या चिखलात. समोर जंगल उघडं झालं होतं, दलदलीचं मैदान, आणि तिथं ते होते.

नर तर दोन फ्रीज शेजारी बांधल्यासारखा. त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि मंदूबाचं मत त्याचंही झालं असावं, कारण त्यानं तोंड फिरवलं. पण मी त्याला बघत नव्हतो. पाण्याच्या कडेला एक मादी बसली होती. पोरगं पाठीवर. अंगाला ओल्या गोणपाटाचा वास, इथपर्यंत येत होता. मुंग्या चावत होत्या, मला हलता येत नव्हतं, आणि डोक्यात एकच, हे ताईंना सांगायचंय, नीट बघ भाड्या, नीट बघ. चौथीत असं बघितलं असतं तर आज मी कलेक्टर असतो. तास कधी संपला कळलं नाही. पास्कलनं बोटानं घड्याळ दाखवलं तेव्हा मला उठताच येईना.

परत आलो तेव्हा ताई खोलीत, दारापासून लांब, पलंगावर, मास्क लावून. मी बाहेर पायरीवर बसलो. "सांग," म्हणाल्या.

आणि मी काय केलं? मला वाटलं, हिला वाईट वाटू नये. म्हणलं, "काय नाही ताई. उगीच नाव मोठं. पाठ करून बसली होती सगळी. आपल्या म्हशी बऱ्या. चिखल आणि मुंग्या. तुमचं काही गेलं नाही."

ताईंनी भिंतीकडं तोंड केलं. मग म्हणाल्या, "दार ओढून घे जाताना."

दुसऱ्या दिवशी पाऊस. असा पाऊस की समोरची खोली दिसेना. विमान येणार नाही, म्हणून निरोप आला. नदी चढली. ज्याला त्याला आपापल्या खोलीत कोंडून बसावं लागलं. पास्कल आणि मी ताईंच्या ओसरीवर, ताई आत. त्यांचा खोकला पत्र्यावरच्या पावसातनंही ऐकू यायचा. दुपारी एकदम लांबनं आवाज आला. टक टक टक टक, लाकडाच्या पेटीवर बोटं वाजवावीत तसा. पास्कलनं मान वर केली. गोरिला छाती वाजवतोय, म्हणाला.

आत ताई उठून बसल्या. मास्क काढला. परत वाजलं. ताईंनी खोकला असा दाबून धरला की डोळ्यातनं पाणी आलं. पुन्हा वाजेल म्हणून आम्ही संध्याकाळपर्यंत थांबलो. वाजलं नाही.

कुवेतला परत आलो. ताईंनी वॉर्ड दुसरीला दिला, खोली आवरली, फोटो काढून मला दिला. मधल्या दिवसांत त्यांनी गोरिलाचं नाव काढलं नाही, आणि मीही नाही. बोलायला गेलं की माझ्या तोंडातनं विनोदच येतो, आणि विनोद करायची बंदी होती.

एअरपोर्टला मीच सोडायला गेलो. दुपारची वेळ, बाहेर भट्टी. फुटपाथवर सामान उतरवून ट्रॉली लावली. आत जायचं सोडून ताई सुटकेसवर बसल्या.

"बबन्या, मी आता त्या खोलीत गेले की कुणी मला हे सांगणार नाही. तिथं मला तू खोटं सांगितलंस. आता खरं सांग. कशी होती ती?"

मी म्हणलं, "ताई, मला सांगता येत नाही. करून दाखवू?"

"दाखव."

मी तिथंच फुटपाथवर बसलो. पाय पुढं टाकले, पोट सोडलं, ते सोडायला मला कष्ट नाहीत. खांद्यावर पोर आहे असं धरलं. मग चिखलातनं एक मूळ उपटलं, पाण्यात खळखळ खळखळ धुतलं, उलटंपालटं करून बघितलं, परत धुतलं, आणि चावायला लागलो. घाई नाही. पोरानं केस ओढले, ओढू दिले. मूळ संपलं. मग ती जशी बसली होती तसा बसलो. हात मांडीवर उताणा. बोटं एकेक वाकवून नखांकडं बघत. नुसता.

लोक थांबायला लागले. एका पोरानं मोबाइल काढला. पोलीस शिट्टी मारत आला, ताईंनी त्याच्याकडं न बघताच हात आडवा केला, आणि तो खरंच थांबला. ताई माझ्यासमोर बसल्या होत्या, सुटकेसवर, हात मांडीत, पाठ सैल सोडून. इतक्या वर्षांत मी त्यांना असं बसलेलं बघितलं नव्हतं. आतनं विमानांची नावं पुकारत होते. त्यांचंही पुकारलं. त्या हलल्या नाहीत. म्हणून मीही हललो नाही. घाम डोळ्यात गेला तरी मी नखं बघत राहिलो.

शेवटी माझेच गुडघे गेले. हळूच विचारलं, "ताई, जमलं का?"

ताई उठल्या, ट्रॉलीला हात लावला, आणि माझ्या हाताकडं वाकून बघितलं.

"तिची नखं एवढी घाण नसतील."